लेकीकडून आल्यावर घे

१ जानेवारी १९९४, शनिवार

सिमेंटवाल्या शेठने दरवर्षीप्रमाणे डायरी पाठवली. एरवी ती बायको किराण्याला घेते. यंदा मी म्हटलं, राहू दे, मीच लिहितो. हे वर्ष माझं आहे. वाळूजला जो तो कारखाना काढतोय, कारखान्याला जमीन लागते, आणि जमीन लागली की माणसं उस्मानपुऱ्यात येऊन बद्रीनाथचं घर विचारतात. आमची स्वतःची जमीन सरकारने पहिल्या झटक्यात घेतली तेव्हा वडील बांधावर बसून रडले होते. मी रडलो नाही. मी बघत होतो की रडणाऱ्याच्या जमिनीचं पुढे काय होतं, कोण कुणाला भेटतं, कोण कुणाला चहा पाजतो. त्यातूनच धंदा शिकलो.

संध्याकाळी आई मनूला गोष्ट सांगत होती. मनू म्हणजे माझी मुलगी मनकर्णा, यंदा पहिलीत गेली. गोष्ट तीच, भोपळ्यातल्या म्हातारीची. म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत वाघ भेटतो. म्हातारी म्हणते, आत्ता माझी नुसती हाडं आहेत, लेकीकडे जाऊन चांगलंचुंगलं खाऊन येते, मग खा. वाघ बिचारा खरं मानून वाटेवर बसून राहतो. म्हातारी परत येते ती भोपळ्यात बसून, गडगडत, त्याच्या नाकासमोरून.

मनू नेहमीसारखी हसली. मला या गोष्टीचा लहानपणापासून राग येतो. म्हातारी शहाणी म्हणून सगळे खूश, वाघ उपाशी राहिला त्याचं कुणाला काही नाही. मी म्हटलं, "वाघ बावळट होता. मी असतो तर भोपळाच फोडला असता."

मनूने विचारलं, "मग आतून कोण निघालं असतं?"

"म्हातारी. दुसरं कोण?"

आईने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि मनूला जेवायला उठवलं.

३ जानेवारी, सोमवार

सकाळीच वाडीवर गेलो. वाळूजच्या पलीकडची ही आमची जुनी वाडी. तिच्या भोवतीची सगळी जमीन मी पुण्याच्या एका पार्टीला मिळवून दिली आहे. मधोमध एकच तुकडा राहिला, तो म्हाळसाबाईचा. रस्ता त्यातूनच जायला हवा, नाहीतर मागच्या जमिनीचा कुणाला काही उपयोग नाही. आणि ही धनगराची म्हातारी, नवरा मेलेला, मुलगा नाही, एकच लेक वेरूळच्या पुढे दिलेली, थोड्या मेंढ्या आणि दोन शेळ्या घेऊन तिथे राजासारखी बसली आहे.

दिवाळीपासून मी तिला प्रेमाने समजावतोय. विहिरीकडे जायची तिची वाट मी घेतलेल्या जमिनीतून जात होती, तिथे काटेरी तार ओढली. मेंढ्यांना पाणी मिळेना तेव्हा तिने डोक्यावरून घागरी वाहिल्या. मग मेंढ्या मरायला लागल्या. त्यातल्या काही तहानेने, काही माझा हाताखालचा माणूस कचरू, त्याच्या हातगुणाने. तरी म्हातारी हलेना.

आज गेलो तर खोपटापुढे तिचं कुत्रं आडवं पडलेलं. कचरूने काल पिठाच्या गोळ्यातून दिलं होतं. दांडगं कुत्रं होतं, जायला वेळ लागला असणार, कारण चारही पायांखालची माती उकरून निघाली होती. म्हातारी शेजारी बसली होती. अंगावर तीच काळी घोंगडी, कोपऱ्याला लाल लोकरीचा गोंडा. पावसाळा असो, उन्हाळा असो, वाडीत लांबून कुणीही त्या गोंड्यावरून सांगेल की ती म्हाळसा.

"मेलं का कुत्रं?" मी विचारलं.

"मेलं. तूच घातलं का, बद्री?"

"मला काय माहीत. वाडीत कुत्री लई झालीत."

ती बराच वेळ कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "घे बाबा जमीन. तुज्याशी कुठवर झगडू. पण माज्या एकटीची घेऊन काय करतो? बानाबाईचं बी नाव हाय ना त्यात."

हे खरं होतं. लेकीने हक्क सोडल्याशिवाय काम पुरं होणार नव्हतं आणि त्यासाठी मला तिच्या गावाला खेटे घालावे लागले असते.

"मी लेकीकडं जाते," म्हातारी म्हणाली. "हुरडा चालू हाय. चार दिस खाते-पिते, पोरीला समजावते, संगं घेऊन येते. संक्रांत झाली का येते. मंग दोघींचा अंगठा संगंच घे."

मला हसू आलं. पण बाई बोलत होती ते शहाणपणाचं होतं. आपल्याकडे लेकी हक्क सोडतात. लुगडं-चोळी करायची, गोडाचं जेवण घालायचं, बहीण हसत अंगठा देते, कारण नाही म्हटलं तर माहेरचा उंबरा तुटतो. आजवर एकाही पोरीने मला नाही म्हटलेलं नाही. मी म्हटलं, "जा. चांगली जाडजूड होऊन ये."

कुत्रं पुरायला कचरूला मदत करायला सांगितलं. मी काही राक्षस नाही.

४ जानेवारी, मंगळवार

आईला हे सांगायला नको होतं. जेवताना सहज म्हणालो, की म्हाळसा कबूल झाली, लेकीला आणते म्हणाली.

आई म्हणाली, "बानाबाई कामून सोडंल? लेकी सोडतात त्या भावासाठी. तिला भाऊच नाय. तिचं माहेर म्हंजी ती जमीनच की."

"सगळ्या सोडतात," मी म्हटलं.

मग तिचं जुनं पुराण सुरू झालं. मी जन्मलो तेव्हा तिला दूध नव्हतं, म्हाळसा रोज सकाळी शेळी आमच्या दारात आणून पिळायची, तेव्हा मी जगलो. सुगी झाली की म्हाळसाच्या मेंढ्या आमच्या रानात बसायच्या आणि त्या खतावर आमची ज्वारी डोक्याएवढी व्हायची. हे मी इतक्यांदा ऐकलंय की पाठ झालंय. मी म्हटलं, "दूध शेळीचं होतं ना? मग शेळीला पेंड घालीन."

आई ताटावरून उठली. तिला हल्ली माझ्या घरातलं काही गोड लागत नाही. बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ आहे, तरी ही परसात चूल पेटवून पाणी तापवते.

५ जानेवारी, बुधवार

म्हातारी गेली. स्टँडवर कचरू होता, त्याने तिला कन्नडच्या गाडीत बसताना बघितलं. आईही पोचवायला गेली होती म्हणे, मला न सांगता. दोघी गळ्यात गळा घालून रडल्या. शेळ्या-मेंढ्या रामकिसनकडे सोडल्यात. हा रामकिसन वाडीच्या खालच्या अंगाला राहतो, कंपनीत कामाला आहे आणि नामांतराच्या प्रत्येक मोर्चात पुढे असतो.

मेंढ्या त्याच्याकडे का सोडल्या, विकल्या का नाहीत, असं क्षणभर मनात आलं. पण म्हाताऱ्या माणसांना जनावरांचा लोभ सुटत नाही.

८ जानेवारी, शनिवार

आई भद्रा मारुतीला जाऊन आली. या वयात एकटी खुलताबादपर्यंत. म्हणाली, नवस आहे. कसला ते सांगितलं नाही. येताना पिशवीभर हुरडा घेऊन आली. इतका कोवळा, गोड हुरडा मी यंदा खाल्ला नव्हता. कुठून आणला विचारलं तर म्हणाली, "देवाच्या दारात एक बाई देत हुती."

मी आणि मनूने परसात आगटी पेटवून भाजून खाल्ला. आईने एक दाणाही तोंडात टाकला नाही. चुलीशी बसून आमच्याकडे बघत राहिली आणि मला म्हणाली, "खा. पोटभर खा." खूप दिवसांनी इतकं मायेने बोलली.

११ जानेवारी, मंगळवार

पुण्याच्या पार्टीचा माणूस येऊन गेला. महिनाअखेर रस्ता नाही झाला तर ते शेंद्र्याकडे बघणार. मी म्हटलं, साहेब, म्हातारी ताटात वाढलेली आहे, फक्त घास घ्यायचा आहे.

गावात वातावरण तंग आहे. सरकार विद्यापीठाच्या नावाचं आता पक्कं करणार असं सगळे म्हणतात. एकीकडे निळे झेंडे शिवून तयार होताहेत, दुसरीकडे माणसं नाक्या-नाक्यावर दात-ओठ खात उभी आहेत. माझ्या ओळखीचे दोन्हीकडे आहेत. मला विचारलं तर विद्यापीठाला कुणाचंही नाव द्या. मला सातबाऱ्यावरच्या नावाशी मतलब. ज्या वर्षी घरं जळाली, माणसं मेली, त्याही वर्षी जमिनीचे व्यवहार थांबले नव्हते. उलट घाबरलेला माणूस लवकर विकतो.

कचरूला दौलताबादला बसवलंय. तिथे रस्ता जुन्या वेशीतून जातो आणि प्रत्येक गाडीला हळू व्हावंच लागतं. म्हातारी गाडीतून दिसली की उतरवायची, जीपमध्ये घालायची आणि थेट गंगापूरला रजिस्ट्रीला. लेक बरोबर असेल तर तिलाही. वाडीवर पोचू द्यायचंच नाही. एकदा खोपटात जाऊन बसली की पुन्हा रामायण.

१३ जानेवारी, गुरुवार, भोगी

आईने भोगीची भाजी केली, तीळ लावून बाजरीच्या भाकरी केल्या. मी खाली बसून जेवलो, तिला बरं वाटावं म्हणून. जेवण झाल्यावर तिने मनूला जवळ ओढलं आणि मला म्हणाली, "वाटंवर पोरं बसवली ना तू?"

कुणी सांगितलं कोण जाणे. मी म्हटलं, "बसवली. उतरवून घेणार, गाडीत बसवणार. पाहुण्यासारखी नेणार तिला."

"तिच्या अंगाला हात लावणार नाय?"

"नाही लावणार."

"पोरीच्या डोक्यावर हात ठिव आन् म्हण."

आता आईपुढे काय करणार. मनूच्या डोक्यावर हात ठेवला. मनूला गंमत वाटली, ती डोकं हलवत होती. मी म्हणालो, "म्हातारीच्या अंगाला कुणाचा हात लागणार नाही." आईने ते दोनदा म्हणून घेतलं. मग तिचा चेहरा एकदम मोकळा झाला आणि तिने माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. शपथा घेऊन मी आजवर कितीतरी खरेदीखतं उरकली आहेत. बायांना शपथेचा फार आधार वाटतो.

१४ जानेवारी, शुक्रवार, संक्रांत

झालं एकदाचं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. छावणीकडून येताना बघितलं, काही ठिकाणी पेढे वाटत होते, म्हातारी माणसं रस्त्यात एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. काही आळ्यांत भर दुपारी दारं लावलेली. एस.ट्या निम्म्या बंद आहेत, आणखी बंद होतील.

मला हे सगळं सोयीचं आहे. अशा दिवसांत कुठे काही झालं तर ते कुणी केलं हे विचारायची गरज पडत नाही.

आई सकाळीच पुन्हा भद्रा मारुतीला गेली. मी म्हटलं, आज नको, गडबड आहे. तर म्हणाली, "उद्या शनवार. आज तिथंच मुक्काम करते, उद्या येते." घरात संक्रांतीच्या बाया येणार, वाणाची तयारी व्हायची, आणि ही निघाली. बायको चिडली. जाताना आई मनूला तेवढा तिळगूळ देऊन गेली.

कचरू येऊन गेला. उद्या करीचा दिवस, त्या दिवशी कुणी गाव सोडत नाही, म्हणून म्हातारी नेमकी उद्याच निघेल असा माझा अंदाज. तिला वाटेल पोरं घरी झोपली असतील. कचरू म्हणाला, "भाऊ, नवीन पोरं घेतलीत चार. त्यांनी म्हातारीला कधी बघितलं नाय. वळखतील कशी?"

मी म्हटलं, "तोंड बघत बसू नका. घोंगडी बघा. लाल गोंडा."

१५ जानेवारी, शनिवार, कर

आजचा दिवस सविस्तर लिहितो, कारण वर्षाचं सोनं आज झालं.

दुपारी जेवून पडलो होतो. कचरूचा फोन आला, दौलताबादच्या एस.टी.डी. बूथवरून. वेरूळच्या फाट्यावर त्याचा माणूस होता, त्याने कळवलेलं. म्हातारी एस.टी.त नाही. वेरूळकडच्या गावांतून एक ट्रक विद्यापीठाच्या गेटकडे निघालाय, निळे झेंडे लावून, माणसं गच्च भरलेली, गाणी चाललेली. रामकिसन त्यात आहे. आणि मागच्या फळीशी, सगळ्या जगाला दिसेल अशी, लाल गोंड्याची घोंगडी डोक्यावरून घेऊन म्हातारी उभी आहे.

मी उठून बसलो. म्हातारीने खरोखरच भोपळा शोधला होता. मला इतकं हसू आलं की बायको बाहेरून डोकावली.

"भाऊ, माणसं लई हायेत," कचरू म्हणाला. "थांबवला तर आमालाच तुडवतील. उतरवायचं जमणार नाय. जाऊ देऊ का?"

गोष्टीतल्या वाघाने इथेच खाल्ली मात. मी म्हटलं, "जाऊ द्यायचं नाही. वेशीत गाडी हळू होईल. वरून धोंडे टाका आणि पळा."

"म्हातारी मेली तर?"

"मेली तर मेली. नामांतराच्या गडबडीत मेली म्हणतील. आई मेल्यावर लेकी ढिल्या पडतात. बानाबाईचा अंगठा घ्यायला दोन घटका लागणार नाहीत."

कचरू म्हणाला, "शपथ घेतली म्हणं तुमी."

हे त्याला आईने सांगितलं असणार. तिला वाटलं असेल, पोरांनाही माहीत असावं. मी म्हटलं, "हात लावणार नाही म्हणालो होतो. धोंड्याला हात कुठे असतो?"

चारच्या सुमाराला पुन्हा फोन. काम झालं. दोन धोंडे फळीवर बसले, तिसरा बरोबर घोंगडीवर. ती तिथल्या तिथे खाली गेली, उभी राहिली नाही. ट्रक न थांबता भरधाव घाटीच्या सरकारी दवाखान्याकडे गेला. आमच्या पोरांपैकी कुणालाही खरचटलं नाही.

बायकोला चहा टाकायला सांगितला. मनू शेजारी येऊन बसली तेव्हा तिला म्हणालो, "आज वाघाने भोपळा फोडला बरं का." तिने टाळ्या वाजवल्या. पुण्याला फोन लागत नाही, लाईन बिझी आहे.

आई अजून आली नाही. एस.ट्या बंद आहेत, मुक्काम लांबला असणार.

१९ जानेवारी, बुधवार

घाटीत आहे. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून लिहितोय. लिहिलं नाही तर वेड लागेल.

घोंगडीत आई होती.

त्या संध्याकाळी रामकिसन घरी आला. शर्ट रक्ताने भरलेला. मला वाटलं मारायला आलाय, मी दाराची कडी घातली. तो बाहेरूनच बोलला. "आवडाकाकू घाटीत हायेत. डोक्याला मार हाय. या." मी आतून म्हटलं, "आवडाकाकू कोण?" माझ्या स्वतःच्या आईचं नाव मला क्षणभर कळलं नाही.

वाटेत त्याने सगळं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. आई दोन्ही वेळा देवाला गेलीच नव्हती, ती बानाबाईकडे जात होती. बानाबाई हक्क सोडायला नव्हे, नवरा आणि पोरंबाळं घेऊन वाडीवर राहायलाच येणार होती. म्हातारी आधी येऊन खोपट धरणार, लेक मागून मेंढरं घेऊन येणार, असं ठरलेलं. आणि ती वाटेत धरली जाऊ नये म्हणून आईने तिची घोंगडी घेतली, आपलं लुगडं तिला नेसवलं. म्हाळसा ट्रकमध्ये बायांच्या घोळक्यात खाली बसली होती. तिला काही झालं नाही.

"मी म्हनलो, काकू, धोका हाय," रामकिसन म्हणाला. "तर म्हनल्या, पोरं मला उतरवतील, माजं तोंड बघतील आन् लाजून माघारी जातील. तवर तुमचा ट्रक निघून जाईल. मी म्हनलो, दगड मारले तर? तर हसल्या. म्हनल्या, बद्रीनं लेकीच्या डोक्यावर हात ठिवलाय."

मी त्याला रिक्षातून उतरवून दिलं. पुढचं एकट्यानेच गेलो.

आईच्या डोक्याला इतकं गुंडाळलंय की तोंड लहान मुलीसारखं दिसतं. अजून शुद्ध नाही. म्हाळसा खाली फरशीवर बसून आहे, माझ्या आईचं लुगडं नेसून. मला बघून उठली नाही.

कचरूला पार्किंगमध्ये धरून मारलं. त्याने हात वर केला नाही. एवढंच म्हणाला, "तोंड बघू नका, घोंगडी बघा, तुमीच म्हनला, भाऊ." मग मला आणखी मारता येईना.

मी आल्यापासून जेवलो नाही. काल घरी जाऊन मनूला बघून आलो, तिचं अंग गरम लागलं. डॉक्टर म्हणाला, साधी सर्दी आहे. तरी मी मारुतीला नारळ फोडला.

२४ जानेवारी, सोमवार

आई शुद्धीवर आली. देवाची कृपा.

विचार करून मी चौकीत जबाब दिलाय. माझ्या वृद्ध आईला रामकिसन आणि त्याच्या माणसांनी फूस लावून ट्रकमध्ये नेलं, गर्दीत उभं केलं, त्यामुळे हे घडलं. यात खोटं काय आहे? त्यांनी नेलंच नसतं तर ती घरी वाण घेत बसली असती. गावातले पुष्कळ लोक माझ्या बाजूने बोलले. रामकिसनला चौकशीला बोलावून दोन दिवस बसवून ठेवलं.

आज फौजदार आईचं म्हणणं घ्यायला आले. मी उशाशी उभा होतो. त्यांनी विचारलं, "आजी, ट्रकमध्ये तुम्हाला कुणी बसवलं?"

"मीच बसले. माज्या पायानं." आवाज बारीक, पण शब्द स्वच्छ होते.

"दगड कुणी मारले, बघितलं का?"

आई छताकडे बघत राहिली.

"बरं, हे तुमचे चिरंजीव. यांचं म्हणणं असं..."

आईने मान वळवून माझ्याकडे बघितलं. नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाली, "मी या मानसाला वळखत नाय."

म्हाळसाने पदर तोंडाला लावला. रामकिसनला संध्याकाळी सोडलं.

डॉक्टरांना बाहेर गाठलं. ते म्हणाले, मेंदूला असा मार लागला की कधीकधी एखादी आठवण पुसली जाते, वेळ द्या. मला तेव्हा धीर आला. तिला बायको आठवते, मनू आठवते, म्हाळसाच्या मेलेल्या कुत्र्याचं नावसुद्धा आठवतं. नेमका मीच पुसला गेलोय. मेंदूचं काही सांगता येत नाही.

म्हाळसा रोज सकाळी वाडीवरून किटलीत शेळीचं दूध आणते आणि चमच्याने पाजते. मी टोपलीभर सफरचंदं आणली होती. ती आईने शेजारच्या खाटांवर वाटून टाकली.

७ फेब्रुवारी, सोमवार

आईला सोडलं. मी जीप घेऊन गेलो होतो, मागे गादी घातली होती. ती जीपकडे आलीच नाही. रामकिसनने रिक्षा आणली होती, तीत म्हाळसाचा हात धरून बसली. बायको म्हणाली, "आत्या, घरी चला." आई म्हणाली, "घरीच चालले."

ती वाडीवर राहायला गेली. म्हाळसाच्या खोपटात, बानाबाईच्या पोरांत.

आधी खूप जिव्हारी लागलं. गावात तोंड कसं दाखवू, असं झालं. गाडीत बसून मी लहान पोरासारखा रडलो. मग संध्याकाळी डोकं थंड झालं आणि वाटलं, हे एका परीने बरंच आहे. माझं माणूस आत आहे. आज ना उद्या तिची आठवण परत येईल, माय-लेकाचं नातं कुठे जातं, आणि आईचा शब्द म्हाळसा मोडणार नाही. पुण्याच्या पार्टीला थोडी मुदत वाढवून मागितली आहे.

२० फेब्रुवारी, रविवार

मनू आजीसाठी रडत होती म्हणून तिला घेऊन वाडीवर गेलो. तारेपाशी जीप थांबवली. म्हाळसाच्या नव्या कुत्र्याने, अजून पिल्लूच आहे, मला बघून अंगण डोक्यावर घेतलं. मनू तारेखालून वाकून पळत गेली. मी उतरलो नाही.

आई खोपटापुढे उन्हात बसली होती. केस अर्धे काढलेले, अंगावर ती घोंगडी, धुतली तरी डाग राहिलेली. मांडीवर मनू, भोवती बानाबाईची पोरं. काहीतरी सांगत होती, हातवारे करत होती, पोरं खिदळत होती. माझ्या आईला मी इतकं बोलताना उस्मानपुऱ्यात कधी बघितलं नव्हतं. म्हाळसाने मला बघितलं, पाण्याचा तांब्या घेऊन तारेपर्यंत आली, तांब्या खाली ठेवला आणि गेली. मी पाणी प्यायलो. आईने एकदाही इकडे मान वळवली नाही. डॉक्टर म्हणालेत, वेळ लागेल.

परत येताना नगर नाक्याजवळ आल्यावर मनू म्हणाली, "पप्पा, आजीने गोष्ट बदलली."

"कशी?"

"आता वाघ भोपळा फोडतो. तुम्ही म्हणाला होता ना, तसा."

मला बरं वाटलं. म्हणजे माझं बोलणं तिच्या डोक्यात कुठेतरी आहे, सगळं पुसलेलं नाही. मी विचारलं, "मग? आतून कोण निघतं?"

"आजी तिथंच थांबते. पुढचं सांगतच नाही. म्हणते, आत कोण होतं ते तुझ्या बापाला विचार."

पुढे ट्रक होता, मी हॉर्न वाजवत राहिलो. मनूने बाही ओढली. म्हणून म्हटलं, "म्हातारी. दुसरं कोण?"

"कुणाची?" मनूने विचारलं.